आईवेगळी पिल्ले अशी जगवा



गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्या संगोपनावर आपण पुष्कळ वाचतो, ऐकतो. मांजराबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही. मांजर बाजारातून विकत आणावे लागत नाही, त्याला दावे लागत नाही, वैरण लागत नाही. ते आपोआप येते आणि घरचे होऊन राहते. पण घरातील बळद, कणगी, बियाण्याची गाडगी आणि कडब्याची गंजी यांची राखण रात्रभर हाच बिनपगारी राखणदार करतो. उंदीर दररोज आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके धान्य खातो आणि लेंड्या-मुताने त्याहून जास्त नासवतो, हे ध्यानात घेतले म्हणजे मांजराची किंमत कळते.

मांजर आणि शेतकरी यांची सोबत फार जुनी आहे. माणूस धान्य पिकवून साठवू लागला, साठ्यामागे उंदीर आले आणि उंदरामागे मांजर आले. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले. ते दफन सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे आपल्या कणगीपाशी बसलेली मनी ही काही आजची पाहुणी नव्हे.

अशा मांजरीची पिल्ले पोरकी झाली तर ती कशी जगवावीत, हे आज सांगावयाचे आहे. मी शेतीचा पदवीधर आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले नाही. एक चूक करून मिळाले. म्हणून आधी ती चूक सांगतो.

माझ्या हातून काय झाले

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतील गोष्ट. किल्ले धारूरच्या परिसरात, बालाघाटाच्या डोंगरकडेला असलेल्या एका वस्तीवर ज्वारी-हरभऱ्यात उंदरांनी फार उपद्रव मांडला होता. मी तेथे संध्याकाळी बैठक घेतली. झिंक फॉस्फाईडचे आमिष कसे करावे, बिळात कसे टाकावे, हे सविस्तर सांगितले. मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत, हेही सांगितले. पण ते अगदी शेवटी, मंडळी उठू लागल्यावर, घाईघाईने सांगितले. ते किती जणांच्या कानावर पडले, याची मी खात्री करून घेतली नाही.

चौथ्या दिवशी मी बिळे मोजायला गेलो, तेव्हा वस्तीच्या टोकाच्या घरातील आजींनी हाक मारली. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. माळवदाच्या घरात आजी आणि दहा वर्षांची नात, दोघीच. वर्षाची ज्वारी बळदात. त्यांची मांजर गोठ्याच्या कोपऱ्यात मरून पडली होती. आमिष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला असावा. झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी मिसळले की विषारी वायू तयार होतो. उंदराच्या पोटात न पचलेले आमिष उरले असेल तर उंदीर खाणाऱ्या मांजराच्या पोटातही तेच घडते. त्यावर उतारा नाही.

कडब्याच्या गंजीखाली एका फुटक्या पाटीत तीन पिल्ले होती. डोळे मिटलेले, नाळ नुकतीच गळालेली. म्हणजे चार-पाच दिवसांची.

आजी म्हणाल्या, "सायेब, आता ह्या लेकरायचं कसं व्हावं? हिनं तर कालपासून तोंडात घास घेतला न्हाई." नात खांबाला धरून उभी होती. माझ्याकडे पाहत नव्हती.

मी जाणत्याचा आव आणला. म्हशीचे दूध मागवले, कापसाचा बोळा केला, सर्वांत मलूल पिल्लू उचलून तान्ह्या मुलासारखे उताणे धरले आणि दूध पिळू लागलो. पिल्लू हाताला गार लागत होते, पण मला वाटले, पोटात दूध गेले की अंगात धग येईल. थोड्या वेळाने दूध नाकातून बुडबुड्यांनी बाहेर आले. रात्री ते पिल्लू गेले. आपल्याकडे अजाण माणसाला "बोळ्याने दूध पितोस काय" असे विचारतात. त्या दिवशी तो प्रश्न मलाच विचारायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली दोन पिल्ले घेऊन मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी पिल्लू हातात घेताच विचारले, "गार असताना दूध पाजलंत?" मी मान खाली घातली. त्यांनी पुढे जे सांगितले आणि त्या घरातील आजी-नातींनी जे करून दाखविले, तेच खाली देत आहे.

आधी आईची वाट पाहा

पिल्ले एकटी दिसली म्हणजे ती पोरकीच असतात असे नव्हे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, अशी आपल्याकडे म्हणच आहे. जागा सुरक्षित वाटली नाही की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. शिवाय तिलाही शिकारीला जावे लागते. म्हणून पिल्ले उबदार, पोट भरलेली आणि शांत असतील तर हात लावू नये. दूर उभे राहून काही तास पाहावे. माणसाच्या वासाने मांजर पिल्ले टाकते, असे अनेकांना वाटते. पण वारंवार उचलाउचल, मुलांचा गलका आणि कुत्र्याची भीती यांनीच ती जास्त बिथरते.

पिल्ले गार पडलेली, पोट खपाटीला गेलेले आणि एकसारखी ओरडत असतील, किंवा आई मेल्याचे नक्की कळले असेल, तर मात्र वेळ घालवू नये.

पहिला शोध दुसऱ्या व्यालेल्या मांजरीचा करावा. पुष्कळ मांजरी परके पिल्लू सांभाळतात. तिच्या अंथरुणाचे फडके पिल्लाच्या अंगावरून हलकेच फिरवावे, म्हणजे वास जुळतो. मग पिल्लू तिच्या पिल्लांत ठेवावे आणि ती काय करते ते लक्ष ठेवून पाहावे. आईच्या दुधाची सर कशालाच नाही. रोगप्रतिकारक शक्ती देणारा चीक तर जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच पिल्लाच्या अंगी लागतो. आमच्या वस्तीवर त्या वेळी व्यालेली मांजर नव्हती, म्हणून हाताने पाजण्याखेरीज इलाज उरला नाही.

आधी ऊब, मग दूध

ही गोष्ट मनावर कोरून ठेवा. गार पिल्लाला दूध कधीही पाजू नये. लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. अंग थंड पडले की आतड्याचे काम थांबते. दूध पोटात तसेच पडून नासते किंवा उलट येऊन फुप्फुसात जाते. उपाशी पिल्लू काही तास तग धरील, गारठलेले पिल्लू पोट भरले तरी टिकत नाही.

गारठलेले पिल्लू सुती फडक्यात गुंडाळून पोटाशी धरावे. आपल्या अंगाच्या उबेने तासाभरात ते हळूहळू गरम होते. एकदम शेकोटीजवळ किंवा कडक पाण्याने गरम करू नये. त्याच्या तोंडात करंगळीचे टोक घालून पाहावे. तोंड आतून उबदार लागले आणि ते बोट चोखू लागले, की मग दूध.

राहण्यासाठी एक खोके किंवा खोल पाटी घ्यावी. तळाशी जुन्या लुगड्याच्या चार-पाच घड्या घालाव्यात. गोणपाट घालू नये, त्याच्या सुतळीत नखे अडकतात. गरम पाण्याची बाटली घट्ट बूच लावून, फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी. दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावे. बाटली निवली की तीच पिल्लाची ऊब ओढून घेते. दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे उकडले तर पिल्लाला सरकता येते. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती 30 ते 32 अंश सेल्सियस ऊब असावी, दुसऱ्या आठवड्यात 27 ते 29 अंश पुरते. विजेचा दिवा टांगण्याची सोय असली तरी वीज जाते हे विसरू नये. चुलीच्या राखेत निखारा दडलेला असतो, म्हणून चुलीजवळ खोके ठेवू नये.

दूध कोणते?

गाय-म्हशीचे नुसते दूध पिल्लाला सोसत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुधातली साखर गाईच्या दुधापेक्षा कमी. म्हणून वरच्या दुधाने पिल्लाची वाढ खुंटते आणि हगवण लागते. दुधात पाणी घालून "हलके" केल्याने तर ते आणखीच निःसत्त्व होते.

सर्वांत चांगली म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी दूधभुकटी. मोठ्या शहरात जनावरांच्या औषधांच्या दुकानात ती मिळते. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच ती उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवावी. ती हाती येईपर्यंत एक-दोन दिवस भागविण्यासाठी हे मिश्रण करता येते. पाव लिटर निर्भेळ गाईचे किंवा शेळीचे दूध उकळून कोमट करावे. त्यात दोन ताज्या अंड्यांचा फक्त पिवळा बलक आणि एक चहाचा चमचा खाद्यतेल घालून चांगले घुसळावे व गाळून घ्यावे. अंड्याचा पांढरा भाग घालू नये. साखर, गूळ, मध घालू नये. मिश्रण थंड जागी झाकून ठेवावे, लागेल तेवढेच कोमट करावे आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे.

येथे आमच्यापुढे निराळीच अडचण उभी राहिली. आजी माळकरी. घरात अंडे येत नाही. मी कसेबसे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "राका कुंभाराच्या आव्यात मांजरीची पिल्लं हुती. देवानं ती जळू दिली न्हाईत. आन मी अंड्यापायी ही मरू देऊ व्हय? शेळ्याच्या वाड्यात करा काय करायचं ते, चुलीपाशी नको."

महिपतींनी 1762 साली लिहून पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे. पंढरीच्या राका कुंभाराने आवा पेटवला. कच्च्या मडक्यात मांजरीची पिल्ले राहिली होती, हे मागाहून कळले. त्याने आणि बंकाने देवाचा धावा केला आणि आवा निवल्यावर पिल्ले जिवंत निघाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींनी कीर्तनात ऐकलेली ती कथा नेमक्या वेळी आठवली. मिश्रण वाड्यातच केले. तिसऱ्या दिवशी लातूरहून भुकटीचा डबा आला आणि अडचण सरली.

किती पाजावे, कसे पाजावे?

पिल्लाच्या दर 100 ग्रॅम वजनाला चोवीस तासांत 20 ते 25 मिलिलिटर दूध लागते. एका वेळी 100 ग्रॅम वजनाला 3 ते 4 मिलिलिटरपेक्षा जास्त पाजू नये, कारण पोटच तेवढे असते. पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, दुसऱ्यात तीन ते चार तासांनी, तिसऱ्यात चार ते पाच तासांनी पाजावे. सुरुवातीचे दिवस रात्रीही उठावे लागते. आजी पहाटेच्या पाळ्या सांभाळत आणि नात निजण्यापूर्वीच्या. दिवसा ती शाळेत जाई.

पाजण्यासाठी डोळ्यात औषध घालण्याचा ड्रॉपर किंवा सुई काढलेली एक-दोन मिलिलिटरची नवी सिरिंज घ्यावी. रोगाचे इंजेक्शन दिलेली सिरिंज वापरू नये. दर वेळी ती गरम पाण्याने धुवावी. दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहावा. तो ना गरम ना गार लागला पाहिजे.

पिल्लू पालथे ठेवावे, पोट खाली, चारही पाय फडक्यावर आणि डोके किंचित वर, जसे ते आईला पिताना असते. उताणे कधीही धरू नये. ड्रॉपर तोंडाच्या कडेने आत घालून एकेक थेंब सोडावा आणि गिळल्यावरच दुसरा द्यावा. नाकातून दूध आले तर लगेच थांबावे, डोके खाली करून नाक पुसावे आणि पिल्लाच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे. श्वासात घरघर ऐकू आली की डॉक्टरकडे न्यावे. पाजून झाल्यावर पिल्लू खांद्याशी उभे धरून पाठीवरून हलकेच हात फिरवावा, म्हणजे पोटातील हवा निघते.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट

तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ती होते. आई नसेल तर प्रत्येक पाजणीच्या वेळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलक्या हाताने पुसल्यासारखा फिरवावा. लघवी दर वेळी व्हावी, शौच दिवसातून एकदा तरी व्हावे. नंतर अंग कोरडे करावे. हे काम चुकले तर दूध उत्तम असूनही पिल्लू दगावते. कित्येक घरी पिल्ले "नजर लागून" जातात, त्यातील काही याच कारणाने गेलेली असतात.

वजनाची वही

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन सुमारे 100 ग्रॅम असते. नंतर ते दररोज साधारण 10 ते 15 ग्रॅम वाढते आणि दोन आठवड्यांत दुपटीच्या आसपास जाते. डॉक्टरांनी वजन लिहून ठेवा म्हटले. नातीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि रोज सकाळी फडक्यात गुंडाळून पिल्ले वस्तीवरच्या किराणा दुकानातील काट्यावर नेऊ लागली. पहिल्या दिवशी आकडे होते 115 आणि 120. दोन दिवस ते हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाच-पाच ग्रॅमने वाढले. दुकानदारही गिऱ्हाईक थांबवून आकडा विचारू लागला.

रात्री कारखान्याच्या तळावरून आईचा फोन येई. ती आधी पिल्लांचे वजन विचारी आणि मग, "तू जेवलीस का?" पोर दोन्ही प्रश्नांची उत्तरे देई. पूर्वी ती फोनवर फारशी बोलत नसे, असे आजींनी मला सांगितले.

चोवीस तासांत वजन वाढले नाही, किंवा घटले, तर काही तरी बिघडले आहे असे समजावे. सतत ओरडणे, अंग लोळागोळा होणे, अंग गार पडणे, पातळ हगवण, नाकाला बुडबुडे येणे, मिटलेल्या पापणीखाली सूज किंवा पू दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोळे सात ते चौदा दिवसांत आपणहून उघडतात. ते बोटांनी उघडू नयेत, त्यात काजळ घालू नये.

हे मुळीच करू नका

माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी असते. चतकोरही देऊ नये. पिसवा झाल्या म्हणून बैल-म्हशीचे गोचिडाचे औषध पिल्लाला लावू नये. त्यातील कित्येक औषधे मांजराला विषारी असतात. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढाव्यात आणि अंथरूण रोज बदलून उन्हात टाकावे. रॉकेल लावू नये. खोक्याजवळची जमीन फिनेलने पुसू नये. जंताचे औषध दोन आठवड्यांनंतर द्यावे लागते, पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेनेच.

घरातील माणसांचीही काळजी घ्यावी. पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने मांजराची विष्ठा साफ करू नये. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब सरकारी दवाखान्यात जावे. पिसाळण्याचा रोग मांजरामुळेही होतो. हळद, चुना, मिरची भरत बसू नये. मांजर तीन महिन्यांचे झाले की त्याला या रोगाची लस टोचून घ्यावी.

तिसऱ्या आठवड्यापुढे

तिसऱ्या आठवड्यात दात डोकावू लागतात, पाय ठरू लागतात. चौथ्या आठवड्यात बशीत दूध ठेवून त्यात बोट बुडवून चाटवावे. मग त्यातच मऊ उकडलेले, काटे काढलेले मासे, कोंबडीचे बारीक केलेले मांस किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक थोडा थोडा द्यावा. मांजर जातीने मांसाहारी आहे. केवळ भाकरी-दुधावर ते धष्टपुष्ट होत नाही. शाकाहारी घरातले मांजर आपली शिकार आपणच करते. त्याला अडवू नये. एका पसरट टोपल्यात कोरडी माती ठेवली की विष्ठेची जागा ते आपोआप शिकते. पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर शस्त्रक्रिया करून घेता आली तर दर वर्षी पोरकी पिल्ले उकिरड्यावर सोडण्याची पाळी येत नाही.

आपण विचाराल, हाताने वाढविलेले मांजर उंदीर धरते का? झडप घालणे त्याच्या रक्तातच असते, पण मारण्याचे कसब ते आईकडून शिकते. आई नसली की उशीर लागतो. आजींच्या घरातील पिल्लांनी आधी दोरी धरली, मग नाकतोडे, मग एक पाल. उंदराला मात्र ती बरेच दिवस नुसती बघत.

आमिष टाकताना

शेवटी माझ्या खात्याचे बोलतो. उंदरांचा बंदोबस्त केलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण विषारी आमिष बिळाच्या आत खोल टाकावे आणि बीळ बुजवावे. घरात, गोठ्यात, गंजीजवळ ते टाकू नये, तेथे पिंजरा लावावा. आमिष टाकल्यावर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ शिवारात फिरून मेलेले उंदीर फावड्याने उचलावेत आणि हातभर खोल पुरावेत. त्या दिवसांत मांजर घरात कोंडून ठेवावे व पोटभर खाऊ घालावे. आमिष कालवलेले भांडे पुन्हा घरात आणू नये. लेकरांना त्याच्या जवळपास फिरकू देऊ नये.

आता मी प्रत्येक बैठकीत हे आधी सांगतो आणि आमिषाची कृती मागाहून. मंडळी उठण्यापूर्वी दोघा-तिघांना उभे करून ते परत म्हणून दाखवायला लावतो.

पाडव्याला ऊसतोडीची माणसे परतली, तेव्हा मी त्या वस्तीवर गेलो होतो. एक पिल्लू आजींनी किराणा दुकानदाराला दिले होते, दुसरे बळदाच्या तोंडाशी बसले होते. त्याच आठवड्यात त्याने पहिला उंदीर धरला होता. नातीने वहीचे पान आणून दाखविले. सर्वांत वर, दोन रकान्यांच्या आधी, तिने तिसराही एक रकाना आखला होता आणि तो कोराच ठेवला होता. मी त्याबद्दल विचारले नाही. तिने फक्त एवढेच सांगितले, "सायेब, ह्याला कुणीबी उताणं धरू देत न्हाई मी."

बंधू-भगिनींनो, आपल्या घरी अशी वेळ आली तर चार गोष्टी विसरू नका. आधी ऊब, मग दूध. पिल्लू पालथे, उताणे नव्हे. प्रत्येक पाजणीला कापूस. आणि रोज वजन. एवढे केले तर पुष्कळ पिल्ले वाचतील, आणि त्यांच्याबरोबर आपले धान्यही.